एकरेघी, दोनरेघी : मराठी शब्दयादीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम ठरलं. ज्यांची मातृभाषा मराठी नाही पण ज्यांना मराठी बोलायची, वाचायची आहे अशा मोठ्या माणसांसाठी एक पायाभूत शब्दयादी करायची आणि तिच्यावरून सरावाच्या पट्ट्या, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी छोटी कार्डं, बनवायच्या. आम्ही तिघं आहोत. शिकवण्याची बाजू माझ्याकडे, कोश आणि व्याकरण एका सहकाऱ्याकडे, आणि मजकुरातले शब्द मोजणारी संगणकाची आज्ञावली लिहिण्याचं काम एका मैत्रिणीकडे.

पहिल्या बैठकीत सगळ्यात आधी विचारलं गेलं ते "शब्द किती घ्यायचे?" एका टोकाला मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आहे. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द. दुसऱ्या टोकाला सी. के. ऑग्डेन यांचं 'बेसिक इंग्लिश'. १९३० साली त्यांनी ८५० शब्दांत इंग्रजी बसवून दाखवली होती आणि त्यातली क्रियापदं अवघी १८. मधे मायकेल वेस्ट यांची १९५३ ची यादी, साधारण २,००० इंग्रजी शब्दांची. वेस्ट यांनी बंगालमध्ये बरीच वर्षं इंग्रजी शिकवण्याचं काम केलं होतं, त्यामुळे त्यांच्या यादीत नुसती मोजदाद नाही. शिकणाऱ्याला कोणता शब्द किती कामाला येईल याचाही विचार आहे.

मला या तिन्ही आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शब्द 'येतो' म्हणजे काय, हे ठरल्याशिवाय किती शब्द यावेत हे ठरवता येणार नाही. पुढचे काही आठवडे यावरच जाणार असं दिसतं.

७ जून

अध्यापनाच्या पुस्तकांत शब्दसंपत्तीचे चार प्रकार सांगतात: ऐकण्याची, बोलण्याची, वाचण्याची आणि लिहिण्याची. ऐकणं आणि वाचणं एका बाजूला, म्हणजे समोर आलेला शब्द कळणं. बोलणं आणि लिहिणं दुसऱ्या बाजूला, म्हणजे हवा तेव्हा शब्द सुचणं. पहिलीला निष्क्रिय आणि दुसरीला सक्रिय म्हणण्याची पद्धत आहे. 'निष्क्रिय' मला पटत नाही. ऐकताना, वाचताना डोकं स्वस्थ बसलेलं नसतं. वाक्याचा अंदाज बांधणं, अर्थ पडताळून पाहणं, तो सोडून दुसरा धरणं हे सगळं क्षणात चाललेलं असतं. म्हणून आम्ही 'ओळखीचे शब्द' आणि 'वापराचे शब्द' असं म्हणायचं ठरवलं.

ओळखीचा साठा वापराच्या साठ्यापेक्षा नेहमीच मोठा असतो, आपल्या मातृभाषेतसुद्धा. 'विवक्षित', 'अनाकलनीय', 'किंबहुना' हे शब्द वाचताना आपण अडखळत नाही, पण आठवडाभरात त्यांतला एकही तोंडी आला नाही तरी काही बिघडत नाही. मग नव्याने शिकणाऱ्याकडून यादीतला प्रत्येक शब्द बोलून दाखवण्याची अपेक्षा का करायची? त्याचा वेळ मोजका असतो. नोकरी, घर सांभाळून उरलेल्या वेळात तो आपली भाषा शिकतो आहे. तो वेळ कुठे खर्च व्हावा हे आम्ही नीट विचार करून सांगायला हवं.

यातून आजचा निर्णय झाला. यादीतल्या प्रत्येक शब्दासमोर खूण करायची. फक्त ओळखू आला तरी पुरे असा शब्द असेल तर एक रेघ, स्वतः वापरता यायलाच हवा असा असेल तर दोन. सहकाऱ्याने लगेच नाव ठेवलं: एकरेघी आणि दोनरेघी.

१२ जून

मोजणीची पहिली फेरी झाली. बातम्या, गोष्टी, सूचनापत्रकं, संभाषणाचे लिहून काढलेले तुकडे असा मिश्र मजकूर घेतला होता. आज्ञावलीने दोन जागांमधल्या अक्षरगटाला शब्द मानलं, आणि मराठीने तिला चांगलंच कामाला लावलं.

'घर', 'घरी', 'घरात', 'घराला', 'घरासाठी', 'घरांमधून', 'घरचा', 'घरापर्यंत' ही तिच्या लेखी आठ वेगवेगळी माणसं. उलट 'साठी', 'पर्यंत', 'मधून' ही शब्दयोगी अव्ययं, जी जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात असतात, ती यादीत सुटी फारशी आलीच नाहीत, कारण आपण ती शब्दाला जोडून लिहितो. म्हणजे शिकणाऱ्याला रोज लागणारा शब्द मोजणीत गायब.

भाषेचे अभ्यासक इथे तीन पायऱ्या वेगळ्या करतात. मजकुरात एकूण किती शब्द आले ही पहिली. त्यांतले वेगवेगळे किती ही दुसरी. आणि एकाच मूळ शब्दाची सगळी रूपं एकत्र धरली तर किती उरतात ही तिसरी. आणखी पुढे जाऊन 'करणे, करणारा, करणी, करवणे' असं अख्खं शब्दकुटुंब एक धरण्याचीही रीत आहे. कोण किती शब्द येतात म्हणून सांगतो तेव्हा यातलं नेमकं काय मोजलंय हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर अडचण याहून खोल आहे. 'घर' आणि 'घरात' यांचं नातं दिसतं तरी. पण 'ऊन' शिकलेल्या माणसाला 'उन्हात' दिसलं की तो कोशात काय शोधणार? 'गहू' येतो, 'गव्हाचा' येत नाही. 'भाऊ' येतो, 'भावाला' ऐकून त्याला 'भाव' वाटतो. 'विंचू' आणि 'विंचवाने', 'पाऊस' आणि 'पावसात', 'मूल' आणि 'मुलांनी'. क्रियापदांत तर 'जाणे' शिकावं आणि वाक्यात 'गेला' भेटावा, 'येणे' शिकावं आणि 'आला' भेटावा. आपल्याला हे सामान्यरूप, ही भूतकाळाची रूपं आईच्या बोलण्यातून मिळालेली असतात, म्हणून तिथे काही खाचखळगे आहेत हेच आपल्याला दिसत नाही.

लॅटिनचे कोश नामाच्या शेजारी षष्ठीचं रूप देतात, कारण पुढची सगळी रूपं त्यावरून कळतात. आपण हेच करायचं. नाम लिहिताना शेजारी सामान्यरूप: 'ऊन, उन्हा-', 'गहू, गव्हा-', 'बहीण, बहिणी-'. क्रियापदाशेजारी भूतकाळ: 'जाणे, गेला', 'मागणे, मागितलं', 'म्हणणे, म्हटलं'. ही जोडी मिळून एक शब्द. जोडीतला दुसरा अर्धा भाग नसेल तर तो शब्द यादीत धरायचा नाही, असं मी आज आग्रहाने मांडलं आणि दोघांनी मान्य केलं.

१५ जून

मोजणीत सगळ्यात वर हे शब्द आले: 'आहे', 'आणि', 'हा', 'तो', 'या', 'व', 'पण', 'नाही', 'होता'. कुठल्याही भाषेत असंच होतं. थोडे शब्द अतोनात वेळा येतात आणि बाकीचे बहुतेक क्वचित, हे जॉर्ज झिफ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं होतं. हे वरचे शब्द म्हणजे भाषेचा सांगाडा. त्यांचा अर्थ सुटा सांगता येत नाही, म्हणून त्यांची पट्टी करायची नाही. ते वाक्यातूनच शिकवायचे.

एक मात्र जपून करायला हवं. 'मीच', 'मीही', 'मी तर', 'येतो की', 'ये ना' यांतले च, ही, तर, की, ना. एवढीशी अक्षरं, पण बोलणाऱ्याचा सगळा भाव त्यांच्यात असतो. ऐकताना ती कळायलाच हवीत. 'च' आणि 'ही' यांना दोन रेघा, बाकीच्यांना सुरुवातीला एक.

२१ जून

आजचा अख्खा दिवस 'लागणे' या एका क्रियापदात गेला.

आमच्या मजकुरातून सापडलेली वाक्यं मांडून बसलो. मला भूक लागली. तिथे पोचायला वेळ लागतो. मला जावं लागलं. बाळ रडायला लागलं. त्याच्या पायाला ठेच लागली. निकाल लागला. दार लागलं. जरा डोळा लागला. गवताला आग लागली. तिला नोकरी लागली. ती माझी मावशी लागते. आता तुमचा नंबर लागेल. यातलं कुठलंही वाक्य अवघड किंवा पुस्तकी नाही. सगळी रोजची.

यादीत 'लागणे' एकदा लिहिला आणि शिकणाऱ्याने तो पाठ केला तर त्याला शब्द आला का? शब्दसंपत्ती नुसती रुंदीत मोजून भागत नाही, तिची खोलीही पाहावी लागते, ती यासाठी. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांनी शब्द येण्याच्या तीन बाजू मांडल्या आहेत: रूप, अर्थ आणि वापर. 'लागणे'चं रूप सोपं आहे. अर्थ एक नाही. आणि वापर तर वाक्यरचनेत रुतलेला आहे, कारण 'मला जावं लागलं' यात जाणारा 'मला' आहे, 'बाळ रडायला लागलं' यात रडणारं 'बाळ' आहे. रचना हातात नसेल तर शब्द असून नसल्यासारखा.

वेस्ट यांच्या यादीचं मोठेपण मला आज नव्याने कळलं. त्यांनी शब्दांच्या वेगवेगळ्या अर्थांपुढे तो अर्थ किती प्रमाणात येतो तेही दिलं होतं. म्हणजे यादी शब्दांची दिसते, पण आतून अर्थांची आहे. आपणही तसंच करायचं. रेघ शब्दाला द्यायची नाही, अर्थाला द्यायची. 'वेळ लागणे', 'भूक-तहान लागणे', '-वं लागणे' आणि '-यला लागणे' या चौघांना दोन रेघा. 'निकाल लागणे', 'ठेच लागणे', 'दार लागणे', 'नोकरी लागणे' यांना एक. 'डोळा लागणे' आणि नात्यातलं 'लागणे' पुढच्या टप्प्यात.

ऑग्डेन यांच्या १८ क्रियापदांचा हिशेबही यावरून लागतो. क्रियापदं कमी केली की उरलेल्यांवर भार वाढतो आणि शिकणाऱ्याचं खरं काम कमी होत नाही, फक्त ते मोजणीत दिसेनासं होतं.

२६ जून

सहकाऱ्याने तत्सम, तद्भव, देशी, परभाषीय असे रकाने करून आणले. शाळेत आपण हे वर्गीकरण उदाहरणांसकट पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. दुसऱ्या भाषेतून येणाऱ्याला त्याचा काय उपयोग, असं मला वाटत होतं. रकाने वाचताना मात्र एक मोलाची गोष्ट हाती लागली.

डोळा म्हणायचं, पण पाटीवर 'नेत्र तपासणी'. दात म्हणायचं, पण 'दंतवैद्य'. हात, पण 'हस्ताक्षर', 'हस्तकला'. कान, पण 'कर्णबधिर'. पाय, पण 'पदपथ'. घर, पण 'वसतिगृह', 'गृहपाठ'. पाणी, पण 'जलवाहतूक', 'जलशुद्धीकरण'. आग, पण 'अग्निशामक'. बोलायला एक शब्द आणि पाट्या, अर्ज, बातम्या वाचायला त्याचाच दुसरा जोडीदार. 'माझा नेत्र दुखतोय' असं कोणी म्हणणार नाही, पण 'नेत्र' ओळखता आला नाही तर नेत्रदान, नेत्रपेढी, नेत्रतज्ज्ञ हे तिन्ही शब्द बंद दारासारखे.

आमच्या रेघांसाठी याहून चांगली परीक्षा मिळाली नसती. 'डोळा' दोनरेघी, 'नेत्र' एकरेघी. एका पट्टीवर दोघं शेजारी. सुटा क्वचितच येणारा हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तुकडा शिकायला थोडेच कष्ट पडतात, आणि बदल्यात एकदम चार-पाच लांबलचक शब्द उलगडतात.

असंच उपसर्गांचं. 'बे-' कळला की बेकायदा, बेजबाबदार. 'गैर-' कळला की गैरहजर, गैरसमज. 'अ-' कळला की अशक्य, अयोग्य. 'ना-' कळला की नापसंत. शेवटी येणारे '-दार', '-पणा', '-खाना', '-इक' हेही घ्यायचे. हे सगळे एकरेघी. शिकणाऱ्याने स्वतः 'गैर-' लावून नवे शब्द पाडावेत अशी आमची अपेक्षा नाही. समोर आलेला शब्द त्याला फोडता यावा एवढीच आहे.

संध्याकाळी एका शिकणाऱ्या बाईंना न सांगता 'दंतमंजन' दाखवलं. पट्टीवर त्यांनी फक्त 'दात, दंत' पाहिलं होतं. त्या क्षणभर थांबल्या, बोट दातांकडे नेलं आणि घासण्याची खूण केली. 'मंजन' त्यांना माहीत नव्हता. अर्ध्या शब्दावरून त्यांनी उरलेला बरोबर ओळखला होता. मला फार आनंद झाला.

१ जुलै

हिंदी जाणणाऱ्यांसाठी वेगळी पुरवणी हवी. दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द त्यांना आयते मिळतात, हा मोठाच फायदा. पण दिसायला सारखे आणि अर्थाला निराळे असेही आहेत: शिक्षा, चेष्टा, संसार, खाली, राग. या प्रकाराला आम्ही 'फसवे शब्द' म्हणतो. थोडेच आहेत, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकले की भीती उरत नाही. पुरवणी एका पानात बसेल.

५ जुलै

संभाषणाच्या सरावाला आज मी नुसती ऐकत बसले होते. एका शिकणाऱ्याने सांगितलं, "आम्ही खूप गप्पा केल्या." दुसरी म्हणाली, "मला काल एक प्रश्न आला." तिसरा म्हणाला, "रात्री मी स्वप्न पाहिलं." वाक्यं कळली. व्याकरणात चूक नाही. सगळे शब्द त्यांना येतातच. तरी मराठी माणूस गप्पा मारतो, त्याला प्रश्न पडतो, आणि झोपेत स्वप्नही पडतं. स्वप्न पाहायचं ते जागेपणी, भविष्याचं.

शब्दांची ही ठरलेली सोबत म्हणजे शब्दसंपत्तीचा वेगळा प्रकारच धरायला हवा. हाक मारणे, उडी मारणे, मिठी मारणे, फेरी मारणे. ऊन पडणे, विसर पडणे, आजारी पडणे, महाग पडणे. निर्णय घेणे, शपथ घेणे, काळजी घेणे, पण काळजी वाटणे आणि काळजी करणे हे पुन्हा निराळे. इथे नियम सांगून काही साधत नाही. 'मारणे'चा मूळ अर्थ सांगितला तर उलट गोंधळच होईल.

महत्त्वाचं म्हणजे ही सोबत ओळखीच्या साठ्यात कधीच अडत नाही. 'गप्पा मारल्या' वाचलं की त्या माणसाला लगेच कळतं, म्हणून तिथे शिकण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. अडतं ते बोलताना. ओळख आणि वापर यांच्यामधलं अंतर सगळ्यात जास्त इथे दिसतं, आणि वाचन कितीही वाढवलं तरी ते आपोआप भरून निघेल असं मला वाटत नाही. वापरून पाहावं लागतं, कोणीतरी हलकेच दुरुस्त करावं लागतं.

ठरलं: यादीत 'गप्पा' हा शब्द सुटा येणारच नाही. 'गप्पा मारणे' असाच येईल, दोन रेघांसह. प्रश्न दोनदा येईल, 'प्रश्न विचारणे' आणि 'प्रश्न पडणे'.

वाक्प्रचार मात्र थोडेच घ्यायचे. 'कानाडोळा करणे', 'पाठ थोपटणे' असे बातम्यांत आणि बोलण्यात वरचेवर येणारे, तेही एका रेघेने. नव्या माणसाने घाईने वापरलेला वाक्प्रचार कानाला खटकतो. त्याची वेळ पुढे येते.

११ जुलै

वाचनाचे उतारे निवडायला घेतले. किती अनोळखी शब्द चालतील?

हू आणि नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासावरून असं मांडलं गेलं की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत. त्याआधी ९५ टक्के पुरेत असं म्हटलं जायचं. ऐकायला तीन टक्क्यांचा फरक, पण ३०० शब्दांच्या पानावर ९५ टक्के म्हणजे १५ अनोळखी शब्द आणि ९८ टक्के म्हणजे ६. इंग्रजी कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं ९८ टक्के ओळखीची व्हायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, बोलणं समजायला सहा ते सात हजार, असा नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. मराठीला तेच आकडे लावणं बरोबर नाही, रूपांची मोजणीच वेगळी आहे. प्रमाणाचा मुद्दा मात्र भाषा कुठलीही असली तरी कळण्याजोगा आहे.

आपल्याला स्वतःला ते जाणवावं म्हणून मी खोटे शब्द घालून एक वाक्य केलं. 'दुपारी वारा सुटला आणि ढग भिरमून गेले, तेव्हा आत आणलेले झेमरे लोकांनी पुन्हा अंगणात वाळत घातले.' दोन शब्द निरर्थक आहेत, तरी ढगांचं काय झालं ते कळतं, आणि झेमरे म्हणजे बहुधा कपडे असावेत असा अंदाज येतो. आता आणखी दोन बदलू. 'दुपारी वारा सुटला आणि ढग भिरमून गेले, तेव्हा आत आणलेले झेमरे लोकांनी पुन्हा खोंदात टिळत घातले.' संपलं. झेमरे आता काहीही असू शकतात. संदर्भावरून अर्थ ओळखा, असं आपण शिकणाऱ्याला सहज सांगतो. पण संदर्भ म्हणजे आजूबाजूचे शब्दच ना? ते येत नसतील तर ओळखायचं कशावरून?

तेव्हा उतारे असे निवडायचे की रेघांच्या यादीबाहेरचा शब्द पन्नासात एखादाच यावा. त्यासाठी काही उतारे आम्हालाच लिहावे लागतील. मी लिहीन.

१४ जुलै

थरांबद्दल. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत: रोजच्या बोलण्यातले, निरनिराळ्या विषयांच्या लिखाणात सगळीकडे येणारे, आणि एकेका विषयाचे खास. पहिला थर कानावर पडून येतो. तिसरा त्या त्या विषयासोबत शिकला जातो, आणि त्यासाठी भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेतच. मधला थर मात्र कोणीच शिकवत नाही. परिणाम, प्रमाण, संदर्भ, उपलब्ध, आवश्यक, अनुक्रमे, त्यानुसार, अन्यथा, कारणीभूत. सूचनापत्र, बातमी, करारनामा, पाठ्यपुस्तक, कुठेही हे भेटतात आणि बाजूचा बोलणारा माणूस क्वचितच ते वापरतो. एव्हरिल कॉक्सहेड यांनी इंग्रजीतल्या अशा ५७० शब्दकुटुंबांची यादी २००० साली केली होती. मराठीसाठी या थराची आमची यादी छोटी असेल, पण ती स्वतंत्र पानावर असावी. सगळ्या शब्दांना एक रेघ. जे नोकरीत मराठीत लिहिणार आहेत त्यांनी दुसरी रेघ स्वतः मारावी.

२० जुलै

पट्ट्यांचा नमुना झाला.

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विसरण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं, तेही स्वतःवरच प्रयोग करून. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळाने पुन्हा शिकायला किती श्रम वाचतात ते पाहायचं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून एकाच बैठकीत वीसदा घोकण्यापेक्षा अंतर ठेवून पुन्हा पुन्हा आठवणं बरं. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यावर पेट्यांची सोपी पद्धत सांगितली. आठवलेली पट्टी पुढच्या पेटीत जाते आणि उशिरा परत येते. न आठवलेली पहिल्या पेटीत येते आणि लवकर परत येते. आमच्या पट्ट्याही तशाच चालतील.

पण पट्टीची दिशा कोणती, यावर आज बराच वेळ बोललो. वर 'उशीर' आणि मागे अर्थ असेल तर सराव ओळखीचा होतो. वर अर्थ किंवा प्रसंग आणि मागे 'उशीर होणे' असेल तर वापराचा. दोन्ही सराव वेगळे आहेत, एकाने दुसरा पूर्ण होत नाही. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्या बहुतेक पहिल्या दिशेच्या असतात, कारण त्या बनवायला सोप्या आणि उत्तरं पटापट येतात. शिकणाऱ्याला वाटतं शब्द झाला, आणि बोलायला गेल्यावर तोच शब्द सुचत नाही. मग तो स्वतःलाच दोष देतो. मला हे फार वाईट वाटतं. त्याची स्मरणशक्ती ठीक असते. त्याने जे केलं तेच त्याला आलं.

म्हणून एकरेघी शब्दाची पट्टी एकाच दिशेची. दोनरेघी शब्दाच्या दोन पट्ट्या, आणि दुसरीवर अर्थाऐवजी प्रसंग. उदाहरणार्थ: 'तुम्ही पोचायच्या आधी सभा सुरू झाली. आत जाताना काय म्हणाल?' मागे: 'मला उशीर झाला.'

२७ जुलै

कानाचं राहून गेलं होतं, ते आज घेतलं. शिकणाऱ्यांना दोन मिनिटांचं साधं बोलणं ऐकवलं आणि मग तेच लिहून दाखवलं. ऐकताना सुटलेले कितीतरी शब्द लिहिलेले पाहिल्यावर ओळखीचे निघाले. 'करत आहे' शिकलेल्याला 'करतोय' कळलं नाही. 'काय आहे' हे 'काये' होऊन आलं. 'चार' आणि 'चारा' यांतला च निराळा आहे हे लिपी सांगत नाही. 'जन्म' आणि 'जाड' यांतला ज निराळा आहे, तेही नाही.

ऐकण्याचे शब्द आणि वाचण्याचे शब्द हे दोन साठे आहेत याचा याहून उघड पुरावा नको. दंत्य च आणि ज ('चारा', 'जाड' यांतले) असलेल्या शब्दांपुढे एक ठिपका द्यायचा, आणि ठिपक्याच्या शब्दांची पट्टी आवाजासह. 'करतोय, जातोय, येतेय' ही रूपं 'करत आहे'च्या पाठोपाठ त्याच पानावर. मैत्रीण ध्वनिमुद्रणाची सोय करते आहे, दोन वेगवेगळ्या आवाजांत.

२ ऑगस्ट

पहिला भाग छापायला तयार आहे. वाचून पाहताना सहकाऱ्याने आक्षेप घेतला. एकरेघी म्हणून ठेवलेला शब्द शिकणाऱ्याला वापरावासा वाटला तर? 'किंबहुना' आवडला आणि त्याला तो बोलायचा असेल तर आपण कोण अडवणारे? आक्षेप योग्य आहे. रेघा म्हणजे कुंपण नाही, आमचा सल्ला आहे. पानाच्या कडेला रिकामा रकाना ठेवला आहे, तिथे ज्याने त्याने आपली रेघ मारावी. पुढच्या आवृत्तीसाठी ते भरलेले रकाने मागवून घ्यायचे, म्हणजे लोकांना कोणते शब्द खरोखर बोलावेसे वाटले ते कळेल.

'पडणे', 'मारणे', 'घेणे' आणि 'येणे' यांचे अर्थ 'लागणे'सारखे मांडायचे राहिले आहेत. 'येणे' आधी घेते. 'मला पोहता येतं', 'कंटाळा येतो', 'राग येतो', 'बोलता येईना', आणि ज्यावरून हे सगळं सुरू झालं ते 'शब्द येतो'.